दुर्मीळ आजारासाठी आधारगट: सभागृहात भेटावे की पडद्यावर?

आधारगट शोधायला किंवा नवा काढायला निघालेल्या माणसाने सर्वांत आधी एक भागाकार करावा. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख आणि नवी मुंबईची सुमारे ११ लाख होती. म्हणजे दोन्ही शहरे मिळून २९ लाख माणसे. विल्सन्स डिसीज हा यकृतात आणि मेंदूत तांबे साचवणारा आनुवंशिक आजार साधारण ३० हजारांत एकाला होतो असे मानले जाते. त्या हिशेबाने या २९ लाखांत त्याचे जेमतेम ९७ रुग्ण निघतील. स्नायूंची ताकद वापराबरोबर ओसरत जाते असा मायस्थेनिया ग्रेव्हिस दर दहा लाखांत १५० ते २०० जणांना असतो, म्हणजे येथे सुमारे ४३५ ते ५८०. लाखात एकाला होणारा आजार असेल, तर २९. यांतून निदानच न झालेले, घराबाहेर पडू न शकणारे आणि आजाराची वाच्यता नको असणारे वगळले, की विल्सन्सच्या बैठकीला रविवारी सकाळी सात जण आले तरी ती भरगच्च समजावी लागते. लाखात एक असलेल्या आजारासाठी सभागृह घेतले, तर सतरंजी घालणारे आणि उचलणारे आपण एकटेच असण्याची शक्यता अधिक.

जागतिक आरोग्य संघटना हजारात एक किंवा त्याहून कमी जणांना होणाऱ्या आजाराला दुर्मीळ म्हणते. हजारात एक आणि लाखात एक या दोहोंना एकच विशेषण लागत असले, तरी गट बांधायच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. म्हणून ‘प्रत्यक्ष चांगले की ऑनलाइन’ असा सरसकट प्रश्न विचारण्यापेक्षा आपल्या आजाराचा आकडा, रुग्णाचे शरीर आणि आपल्याला नेमके काय विचारायचे आहे, या तीन गोष्टी समोर ठेवून निर्णय घ्यावा. माझ्या पत्नीला मायस्थेनिया आहे आणि गेली काही वर्षे आम्ही ठाण्यात एक लहान गट चालवतो. पुढील सूचना बऱ्याच अंशी त्या अनुभवातून, आणि काही त्यात झालेल्या चुकांमधून आल्या आहेत.

आजाराच्या नावाने पडद्यावर, दिनक्रमाच्या नावाने प्रत्यक्ष

गट नव्याने काढण्यापूर्वी तो आधीच अस्तित्वात आहे का, हे पाहावे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारासाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ साली मुंबईतच स्थापन झाली. गोशे, पॉम्पे यांसारख्या, पेशींत नको ते पदार्थ साठत जाणाऱ्या आजारांसाठी लायसोसोमल स्टोरेज डिसऑर्डर्स सपोर्ट सोसायटी आहे, स्नायू क्षीण करत नेणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीसाठी क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया आहे. अशा देशपातळीवरील संस्थेशी जोडले जाणे हे पहिले पाऊल असावे, कारण औषधाचा साठा कोठे आहे, हा आजार प्रत्यक्ष पाहिलेले डॉक्टर कोण आहेत, नवी चाचणी कोठे सुरू आहे, यांची उत्तरे आपल्या शहरात नसतात. ती तीन राज्यांत विखुरलेल्या चाळीस कुटुंबांकडे मिळून असतात, आणि ही चाळीस कुटुंबे एकत्र येण्याची जागा फोनचा पडदा हीच आहे.

तरीही काही गोष्टी पडद्यावरून शिकता येत नाहीत. वाढत्या वयाच्या मुलाला कंबर न दुखावता पलंगावरून खुर्चीत कसे घ्यावे, छातीतला कफ सुटण्यासाठी हात कसा ठेवावा, अन्न भरवण्याच्या नळीची जोडणी कशी धुवावी, हे दुसऱ्याच्या हातांकडे पाहूनच येते. येथे एक युक्ती उपयोगी पडते, आणि या लेखातील माझा मुख्य आग्रह तोच आहे: प्रत्यक्ष गट आजाराच्या नावाने न बांधता घरातील दिनक्रमाच्या नावाने बांधावा. गोशे आणि पॉम्पे हे वेगळे आजार आहेत, पण दोहोंत एन्झाइमचे सलाइन साधारण दर पंधरा दिवसांनी लावावे लागते. त्यामुळे शाळेची बुडणारी हजेरी, न सापडणारी शीर आणि रजा मागताना कार्यालयात होणारी कुचंबणा दोन्ही घरांत सारखीच असते. ड्युशेन हा स्नायुक्षयाचा आजार आणि स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी असलेल्या मुलांच्या पालकांना व्हीलचेअर, लिफ्ट, पाठीचा बाक आणि रात्री कूस बदलणे यांविषयी एकाच टेबलाशी बसून बोलता येते. असा गट कळव्यापासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात सहज उभा राहतो.

कागदपत्रांचे कामही प्रत्यक्ष बैठकीतच चांगले होते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात आजारांचे तीन गट केलेले आहेत: एकदाच करायच्या उपचाराने बरे होऊ शकणारे, दीर्घकाळ, पण तुलनेने कमी खर्चाच्या उपचाराचे, आणि आयुष्यभर अतिशय महागडे औषध लागणारे. धोरणाच्या यादीतील आजारासाठी मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रामार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. ही मर्यादा २०२२ मध्ये वाढवण्यात आली. आपल्यासाठी सर्वांत जवळचे केंद्र परळचे केईएम रुग्णालय आहे. आपला आजार कोणत्या गटात येतो आणि फाइलमध्ये कोणते अहवाल कोणत्या क्रमाने लावावेत, हे आधी अर्ज केलेल्या माणसाने स्वतःची फाइल उघडून दाखवले की दहा मिनिटांत समजते. अपंगत्वाच्या ओळखपत्राचेही तसेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्नायुक्षय, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा समावेश आहे, ही गोष्ट ठाऊक नसलेली कुटुंबे मला दर बैठकीत भेटतात.

आधी शरीराला विचारा

काही आजारांत प्रत्यक्ष भेट ही गैरसोयीची नव्हे, तर धोक्याची बाब असते. फुप्फुसांत घट्ट, चिकट कफ साचवणारा सिस्टिक फायब्रोसिस हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. या रुग्णांच्या फुप्फुसांतील काही जिवाणू निरोगी माणसाला फारसे काही करत नाहीत, पण त्याच आजाराच्या दुसऱ्या रुग्णाला लागले तर जिवावर बेततात. याच कारणाने परदेशांत या मुलांसाठी भरणारी उन्हाळी शिबिरे १९९० च्या दशकात बंद करावी लागली. अशा आजारात रुग्णांनी केवळ ऑनलाइनच भेटावे. पालकांना भेटायचे असेल, तर मुलांना घरी ठेवून भेटावे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी पावसाळ्यातील तापाच्या दिवसांत न आलेलेच बरे, आणि गटाने त्यांच्या न येण्याची कुरबुर करू नये. ज्याला सर्दी-खोकला आहे, त्याने मात्र कितीही इच्छा असली तरी घरीच थांबावे, हा नियम आमंत्रणातच लिहावा.

बैठकीची वेळही आजार ठरवतो. मायस्थेनियात दिवस चढेल तशी पापणी जड होते आणि बोलणे अनुनासिक होत जाते, त्यामुळे संध्याकाळी सहाची बैठक म्हणजे रुग्णांना सर्वांत वाईट अवस्थेत बोलावणे. सकाळी साडेदहा-अकरा योग्य. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या अनेक रुग्णांची लक्षणे उष्णतेने वाढतात. त्यांची बैठक मे महिन्यात वातानुकूलित नसलेल्या सभागृहात ठेवू नये, त्या दिवसांत खुशाल ऑनलाइन जावे. चहाबरोबर काय द्यायचे, हेसुद्धा विचारपूर्वक ठरवावे. विल्सन्सच्या रुग्णांना तांब्याचे प्रमाण अधिक असलेले सुकामेव्याचे पदार्थ आणि चॉकलेट टाळायला सांगितलेले असते, आणि आपल्याकडे आनंदाच्या प्रसंगी पेढ्यानंतरचा पहिला मान काजूकतलीचाच असतो.

जागेच्या बाबतीत आम्ही केलेली चूक सांगतो. पहिल्या बैठकीसाठी एका शाळेचे दुसऱ्या मजल्यावरील सभागृह घेतले होते, लिफ्ट आहे असे फोनवर सांगण्यात आले होते, आणि ती होतीही. फक्त रविवारी बंद असे. दोन जिने चढून आलेल्या पत्नीला त्यानंतर अर्धा तास मान सावरता येत नव्हती, आणि व्हीलचेअरवर आलेले एक गृहस्थ खालूनच परत गेले. तेव्हापासून जागा ज्या वारी आणि ज्या वेळी हवी आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी जाऊन पाहावी, हा आमचा नियम आहे. तळमजला, दाराशी रिक्षा थांबेल अशी जागा, कमोड असलेले आणि व्हीलचेअर आत वळू शकेल असे स्वच्छतागृह, एवढे पाहिले की बाकी सजावट नसली तरी चालते. गृहनिर्माण संस्थेचे तळमजल्यावरील सभागृह पुष्कळदा नाट्यगृहाच्या छोट्या दालनापेक्षा सोयीचे ठरते.

येण्याजाण्यासाठी ट्रान्स-हार्बर मार्ग हा आपल्या पट्ट्याचा मोठा आधार आहे: ठाण्याहून वाशी अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे आणि लोकलमध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र डबा असतो. एक महिना ठाण्यात आणि एक महिना वाशीत किंवा नेरुळला बैठक ठेवली, तर प्रवासाचा भार वाटला जातो. मात्र रविवारची तारीख पक्की करताना मेगाब्लॉक विसरू नये. आदल्या दिवशीपर्यंत वेळापत्रक जाहीर झालेले असते. ते पाहून सकाळी सर्वांना कळवणे हे एका व्यक्तीकडे ठरवून सोपवलेले काम असावे. घोडबंदर रस्त्यावरून येणाऱ्यांसाठी तर रविवार सकाळ वगळता दुसरी वेळ सुचवण्याचे धाडस मी करत नाही.

गुपित कोठे राहते?

ऑनलाइन गटात ओळख झाकलेली राहते, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्या घरांच्या बाबतीत तो अर्धवटच खरा आहे. कोपरखैरणेच्या एका खोली-स्वयंपाकघराच्या घरात सासूबाई, दीर आणि मुले एकाच जागी असताना सुनेने व्हिडिओ बैठकीत मनातले बोलावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. आमच्या ऑनलाइन बैठकीला एक ताई जिन्याच्या पायऱ्यांवर बसून येतात, दुसऱ्या एक जण कॅमेरा बंद ठेवून केवळ ‘हं’ म्हणतात. या दोघींसाठी महिन्यातून एकदा घराबाहेर पडून तास-दीड तास वेगळ्या खोलीत बसणे हेच खरे खासगीपण ठरते. उलट, प्रत्यक्ष बैठकीत नेमका आपल्याच नात्यातील किंवा सोसायटीतील कोणी भेटेल, ही भीती असणाऱ्यांना पडदा सोयीचा वाटतो. व्हॉट्सअ‍ॅप गटात मात्र सर्व सदस्यांना आपला फोन क्रमांक दिसतो, हे सामील होण्यापूर्वी प्रत्येकाला स्पष्ट सांगावे.

ही लपवाछपवी उगाच नसते. डेव्हिसन, पेनेबेकर आणि डिकरसन या संशोधकांनी २००० साली अमेरिकेतील चार महानगरांत आणि दोन ऑनलाइन ठिकाणी २० प्रकारच्या आजारांची तुलना केली, तेव्हा ज्या आजारांची लोकांना लाज वाटते त्यांत आधारगटाकडे जाणारे सर्वाधिक आढळले, आणि हृदयविकारासारख्या तितक्याच गंभीर आजारात सर्वांत कमी. आपल्याकडे आनुवंशिक आजाराला ही लाज हमखास चिकटते: ‘हे तिच्या माहेरून आले’ हे वाक्य मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकले आहे. ड्युशेन आणि हिमोफिलिया यांचा दोष आईकडून मुलाकडे येऊ शकतो हे खरे, पण सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच निर्माण झालेला असतो आणि आई वाहक नसते. ही माहिती ऑनलाइन संदेशातून शंभर जणांपर्यंत पोहोचते. मात्र ती सासूबाईंच्या समक्ष, दुसऱ्या सासूबाईंनीच सांगितली तर घरात उपयोगी पडते. अशा वेळी घरच्यांना प्रत्यक्ष बैठकीला घेऊन यावे.

पुढची अवस्था पाहण्याची तयारी

प्रत्यक्ष गटाचा सर्वांत अवघड भाग हा आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. पाच वर्षांच्या, अजून पळणाऱ्या मुलाचे ड्युशेनचे निदान गेल्या महिन्यात झालेले आईवडील पहिल्यांदा बैठकीला येतात आणि समोर व्हीलचेअरवर सतरा वर्षांचा मुलगा बसलेला असतो. ऑनलाइन असताना नको असलेला मजकूर पुढे सरकवता येतो, सभागृहात नजर वळवणे हाही अपमान वाटू शकतो. म्हणून नव्या कुटुंबाला थेट बैठकीत बोलावू नये. आधी गटातील अनुभवी पालकाने फोनवर बोलावे, नंतर आईवडिलांपैकी एकाने मुलाला न आणता यावे, आणि बैठकीत कोण कोणत्या अवस्थेत आहे याची कल्पना त्याला आधीच द्यावी. याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. त्या सतरा वर्षांच्या मुलाने बारावीच्या गणिताविषयी तक्रार केली, तेव्हा नव्याने आलेल्या वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैल झाला. पडद्यावर ते घडले नसते, असे माझे मत आहे.

सदस्याच्या मृत्यूविषयी गटात पूर्वीच ठरवून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्येच मृत्यूची बातमी येणे आणि तिच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागणे, हे त्याच आजाराने झोप उडालेल्या इतरांसाठी फार कठोर असते. बातमी गट चालवणाऱ्या एका संचालकाने, एका निश्चित संदेशात द्यावी, जवळच्यांना त्याआधी फोन करावा, आणि पुढच्या बैठकीचा आरंभीचा वेळ त्यासाठी मोकळा ठेवावा.

चालवण्याची रीत

स्वमदत गटाची कल्पना ठाण्याला परकी नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली येथेच इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि मानसिक आजारांच्या संदर्भात समदुःखितांनी एकत्र बसण्याची सवय शहराला लागली. त्या धर्तीवर दोन संचालक असावेत. एकच असेल तर त्याच्या घरच्या रुग्णाच्या किंवा त्याच्या स्वतःच्या आजारपणात गट थांबतो. प्रत्यक्ष बैठक दीड तासाची, वर्तुळात खुर्च्या मांडून, आठ-दहा जणांची ठेवावी. प्रत्येकाला बोलण्याची संधी मिळावी, पण न बोलण्याचीही मुभा असावी. छायाचित्र काढायचे नाही, आणि येथे ऐकलेले येथेच ठेवायचे, हे दर वेळी आरंभी सांगावे, नेहमीचे सदस्य कंटाळले तरीही.

ऑनलाइन बैठकीत साधनाची मर्यादा आधी तपासावी. झूमची विनामूल्य बैठक ४० मिनिटांत तुटते. गूगल मीटवर तीन किंवा अधिक जण असतील तर ६० मिनिटे मिळतात. कोणाचा कंठ दाटून आलेला असताना पडदा काळा होणे फार वाईट, त्यामुळे पस्तिसाव्या मिनिटाला दुसरा दुवा पाठवून सर्वांनी तिकडे जाण्याची प्रथा ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन गट करावेत: एकात केवळ संचालकांनी सूचना टाकाव्यात, दुसऱ्यात गप्पा आणि प्रश्न. अहवालाचे छायाचित्र टाकण्यापूर्वी त्यावरील नाव, पत्ता आणि क्रमांक झाकावेत. सुप्रभातचे फुलांचे संदेश बंद ठेवले, तर रात्री दोन वाजता विचारलेला खरा प्रश्न सकाळी कोणाच्या तरी नजरेस पडतो.

सभागृहात लॅपटॉप ठेवून काही जणांना पडद्यावरून सामील करून घेण्याचा प्रयोग आम्ही तीनदा केला आणि सोडून दिला. खोलीत हशा पिकला की पडद्यावरच्यांना तो का पिकला ते कळत नाही, आणि अर्ध्या तासात ते प्रेक्षक होऊन जातात. करायचेच असेल, तर केवळ पडद्यावरच्या माणसांकडे पाहण्यासाठी एक व्यक्ती नेमावी.

औषधाच्या मात्रेविषयी दोन्ही प्रकारच्या गटांत एकच नियम ठेवावा: अनुभव सांगावा, मात्रा सुचवू नये. मायस्थेनियाच्या रुग्णाला सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन या नेहमीच्या प्रतिजैविकांनी अशक्तपणा वाढू शकतो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये या वर्गातील औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. दातदुखीसाठी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी गल्लीतल्या दवाखान्यात जाणाऱ्या रुग्णाला ही गोष्ट गटातच पहिल्यांदा कळते, आणि ती कळलीच पाहिजे. पण त्याच गटात कोणी ‘माझी गोळी अर्धी केली, मला बरे वाटते’ असे लिहिले, तर संचालकाने तेथेच थांबवावे. हमखास बरे करण्याचा दावा करणाऱ्या विक्रेत्याला एकही बैठक देऊ नये. औषध कंपनी सभागृहाचे भाडे द्यायला तयार असेल, तर ते घ्यावे की नाही हे सर्वांना विचारून ठरवावे आणि घेतल्यास दर बैठकीत तसे सांगावे. आम्ही घेत नाही, वर्गणी काढतो.

अस्तित्वात असलेल्या गटात जाणाऱ्याने दोन बैठका केवळ ऐकण्यासाठी द्याव्यात. गट कोण चालवतो, वैद्यकीय सल्लागार कोण आहे, पैसे कोठून येतात, हे मोकळेपणाने विचारावे. दर वेळी घरी परतताना आधीपेक्षा अधिक घाबरल्यासारखे वाटत असेल, तर न सांगता बाहेर पडण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. जीव नकोसा झाल्याचे कोणी गटात लिहिले, तर उपदेशाचे संदेश न पाठवता संचालकाने ताबडतोब त्या व्यक्तीला फोन करावा, घरच्यांना कळवावे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. श्वास लागणे, गिळता न येणे अशा प्रसंगी गटात विचारत बसू नये. १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे.

बैठकीनंतर दोन दिवसांत, जे आले नाहीत त्यांना फोन करावा. ‘का आला नाहीत’ असे विचारू नये, पुढच्या बैठकीची तारीख आणि जागा सांगावी, आणि जिना आहे का, असे त्यांनी विचारण्यापूर्वीच नाही म्हणून सांगावे.